मंदी सरताना येणारी टंचाई : जहाजं, कंटेनर आणि लाकडी पॅलेट

२०२० च्या नोव्हेंबरात गोव्यातल्या कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, पॅलेट म्हणजे माल रचून उचलायच्या लाकडी चौकटी बनवणाऱ्या एका कारखान्यात मी मालकांशी दरावरून हुज्जत घालत होतो. धंदा मंद आहे म्हणता, मग भाव का वाढवलात, असा माझा प्रश्न. मालक मूळचे सुतार. गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात, पोर्तुगीजांकडून आलेला शब्द; म्हणून सगळी वसाहत त्यांना मेस्तबाब म्हणते. त्यांनी वाद न घालता मला मागच्या शेडमध्ये नेलं. जिथे एरवी जुनी पॅलेटं छपरापर्यंत रचलेली असत तिथे जमीन दिसत होती. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने दोन रकाने आखलेले: 'आले' आणि 'गेले'. 'आले'च्या खाली ओळीने शून्यं.

"माल गेलाच नाही तर पॅलेट परत कुठून येणार, बाब?" ते म्हणाले.

मी औषधं निर्यात करणाऱ्या एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये बरीच वर्षं काम करतो. भाडं, कंटेनर, पॅलेट यांची ओरड माझ्या टेबलावर रोजची. तरी त्या दिवशीपर्यंत माझाही हिशेब बाजारातल्या भाजीसारखाच होता: गिऱ्हाईक कमी झालं की भाव उतरायचा. जहाज, कंटेनर आणि पॅलेट यांना तो हिशेब अर्धाच लागू पडतो. ही तिन्ही मालाची भांडी आहेत. भरून गेलेलं भांडं रिकामं होऊन परत आलं तरच पुढचा माल भरता येतो. मंदीत भांडी जिथे असतील तिथे अडकतात. नवी घडवणारे कारखाने बंद पडतात, घडवणारे हात गावी जातात. आणि मागणी परतते तेव्हा ती आठवड्यांत परतते. कारखाने आणि कारागीर परतायला वर्ष-दोन वर्षं जातात. या मधल्या काळात जी ओढाताण होते तिचा इतिहास जुना आहे, आणि गोव्याच्या मुरगाव बंदराने त्याचे बरेच अंक जवळून पाहिले आहेत.

एका पॅलेटची गोष्ट

आधी ही वस्तू नीट बघू, कारण तिच्याकडे कुणी बघत नाही. आमच्याकडून जाणारं पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचं. वर फळ्या, खाली फळ्या, मधे नऊ ठोकळे, आणि चारही बाजूंनी फोर्कलिफ्टचे दात शिरतील अशी जागा. २० फुटी कंटेनरात अशी दहा बसतात, ४० फुटीत वीस-एकवीस. कडेच्या ठोकळ्यावर एक शिक्का असतो: गव्हाच्या ओंबीचं चित्र, भारताची 'आयएन' ही अक्षरं, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि 'एचटी'. म्हणजे लाकडाच्या गाभ्याला सलग ३० मिनिटं किमान ५६ अंश सेल्सिअस उष्णता दिलेली आहे. शिक्का पुसट असला तरी परदेशातलं बंदर कंटेनर अडवू शकतं. आत लाखो रुपयांची औषधं असतात, आणि अडवणूक होते ती त्यातल्या सर्वांत स्वस्त वस्तूवरून.

हा शिक्का आला किड्यांमुळे. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियातला लांब मिशांचा भुंगा झाडं पोखरताना सापडला. तो पॅकिंगच्या लाकडातून आला असावा असा निष्कर्ष निघाला. १९९९ मध्ये पोर्तुगालमध्ये पाइनची झाडं मारणारी सूत्रकृमी आढळली. २००२ मध्ये लाकडी पॅकिंगसाठी आंतरराष्ट्रीय नियम ठरला आणि हळूहळू बहुतेक देशांनी तो लागू केला. तेव्हापासून कुठलंही लाकूड उचलून पॅलेट ठोकलं आणि पाठवलं, असं निर्यातीत चालत नाही. उष्णता देणारी भट्टी लागते, परवाना लागतो. टंचाईच्या काळात ऐनवेळी नवे पुरवठादार का उभे राहत नाहीत याचं एक कारण हे.

पॅलेट स्वतः मात्र युद्धाचं अपत्य. फोर्कलिफ्ट आधीपासून होत्या, पण दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने पॅसिफिकभर रसद पोचवताना पॅलेट रुळवलं. युद्ध संपल्यावर ऑस्ट्रेलियात मागे राहिलेल्या पॅलेट आणि फोर्कलिफ्टचा तिथल्या सरकारने एक सामायिक साठा केला, आणि पॅलेट भाड्याने देणारी 'चेप' ही कंपनी त्यातूनच वाढली. युरोपातल्या रेल्वे कंपन्यांनी १९६१ मध्ये १२०० बाय ८०० चं एकच माप ठरवलं, म्हणजे एकाचं पॅलेट दुसऱ्याला चालेल. कंटेनरचा जन्मही याच काळातला: २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅक्लीन यांचं 'आयडियल एक्स' हे जहाज ५८ पेट्या घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला निघालं. मालापेक्षा त्याचं भांडं प्रमाण झालं, आणि तेव्हापासून ते परत येण्यावर सगळं अवलंबून राहू लागलं.

मुरगावची सुरुवात

मुरगाव बंदर आणि घाटावर कॅसलरॉकपर्यंत जाणारी रेल्वे ही १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराची फळं. सुएझ कालवा १८६९ मध्ये उघडल्यावर पश्चिम किनाऱ्यावरून कापूस आणि धान्य लोटेल असा अंदाज होता. तेवढी वाहतूक आली नाही, आणि रेल्वे कित्येक वर्षं पोर्तुगीज सरकारच्या व्याजाच्या हमीवर तगली. तेजीच्या अंदाजावर बांधलेली सोय रिकामी उभी राहण्याचा गोव्याचा हा पहिला मोठा अनुभव.

१९२९ नंतरच्या महामंदीत चारच वर्षांत जागतिक व्यापार किमतीच्या हिशेबाने एक-तृतीयांशावर आला. तेव्हा गोव्याचा समुद्राशी मुख्य संबंध मालाचा नव्हता, माणसांचा होता. ब्रिटिश जहाजांवर खलाशी, स्वयंपाकी, स्टुअर्ड म्हणून जाणारे आपले तारवटी मुंबईत आपापल्या गावाच्या 'कुडी'त, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, राहून पुढच्या जहाजाची वाट बघत. जहाज धक्क्याला बांधलं की पगार बंद. ही गोष्ट पुढे २०२० मध्ये वेगळ्या रूपात परत आली. तेव्हा जहाजंच थांबली आणि गोव्याचे हजारो दर्यावर्दी, विशेषतः क्रूझ जहाजांवरचे, आठवडेच्या आठवडे समुद्रात किंवा परक्या बंदरांत अडकले. वाहतुकीच्या मंदीवर लिहिताना भाड्याचे आकडे सगळे देतात. गोव्याच्या सासष्टी तालुक्यातल्या दर्यावर्दींच्या घरांची आठवण फार थोड्यांना येते.

तेलाचा धक्का आणि उशिराने येणारी जहाजं

जहाजधंद्याचं मूळ दुखणं १९७३ नंतर सगळ्यांना स्पष्ट दिसलं. त्या वर्षी तेलवाहू जहाजांच्या ऑर्डरी विक्रमी होत्या. ऑक्टोबरात अरब देशांनी निर्यात रोखली, काही महिन्यांत तेल चौपट महागलं आणि मागणी घसरली. पण जहाज मागवल्यापासून हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षं जातात. तेजीत मागवलेली अजस्र टँकर पाण्यात उतरली तेव्हा न्यायला तेल नव्हतं. त्यात १९७५ मध्ये सुएझ पुन्हा खुला झाला आणि आफ्रिकेला वळसा घालायची गरज उरली नाही. नॉर्वेच्या खाड्यांत नवीकोरी टँकर साखळीने बांधून ठेवलेली होती, आणि काही तर फारसा प्रवास न करताच भंगारात गेली. ऐंशीच्या दशकाचा मोठा भाग या धंद्याने असाच काढला. जुनी जहाजं तोडण्याचं गुजरातमधलं अलंग १९८३ मध्ये सुरू झालं, ते याच दशकात.

हा दोन-तीन वर्षांचा उशीर ध्यानात ठेवावा. पुढे सगळीकडे तोच भेटतो.

२००८ : मुरगावच्या धक्क्यावरून

गोव्यातल्या खनिजमालकांना बाल्टिक ड्राय इंडेक्स हा शब्द पाठ असायचा. कोळसा, धान्य, लोहखनिज अशा सुट्या मालाच्या जहाजभाड्याचा हा लंडनहून निघणारा निर्देशांक. २० मे २००८ ला तो ११,७९३ वर होता. ५ डिसेंबरला ६६३. लोहखनिज नेणाऱ्या केपसाइझ जहाजाचं भाडं जूनमध्ये दिवसाला सव्वादोन लाख डॉलरच्या वर गेलं होतं, ते डिसेंबरात अडीच हजारांच्याही खाली आलं. एवढ्यात खलाशांचा पगार आणि जहाजाची निगासुद्धा निघत नाही.

इतकी घसरण फक्त मागणीमुळे झाली नाही. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक सप्टेंबरात कोसळल्यावर बँकांचा एकमेकींवरचा विश्वास उडाला. निर्यात चालते लेटर ऑफ क्रेडिटवर: खरेदीदाराची बँक हमी देते, मग विक्रेता माल चढवतो. ती हमीच कुणी स्वीकारेना. माल तयार, जहाज तयार, घेणाराही तयार, आणि तरी कागदावाचून सगळं थांबलेलं. मला हे मंदीचं सर्वांत भयंकर रूप वाटतं, कारण यात चूक कामगाराची नसते की मालाचीही नसते.

गोव्यात खनिज खाणीवरून ट्रकने जेटीवर, तिथून बार्जने, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीने, मांडवी किंवा जुवारीतून मुरगावला, आणि बंदरात किंवा खोल पाण्यात बार्जमधला माल चढवून देणाऱ्या ट्रान्सशिपर जहाजावरून मोठ्या जहाजात असं जातं. पावसाळ्यात आग्वादजवळचा रेतीचा दांडा धोक्याचा होतो, तेव्हा मांडवीतल्या बार्जेस कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरतात. जहाज थांबलं की साखळीची प्रत्येक कडी थांबते: ट्रान्सशिपर, बार्ज, ट्रक, टायरवाला, गॅरेज, कुडचड्यातलं चहाचं दुकान.

२००८ ची ती खीळ गोव्यात फार टिकली नाही. चीनने नोव्हेंबर २००८ मध्ये चार लाख कोटी युआनची योजना जाहीर केली, पोलाद कारखाने पुन्हा धडधडू लागले, आणि आपलं कमी प्रतीचं खनिजही हातोहात जाऊ लागलं. २०१०-११ मध्ये मुरगाव बंदराने सुमारे ५ कोटी टन माल हाताळला. कर्ज काढून ट्रक घेतले गेले, बार्जेस बांधल्या गेल्या. १९७३ चे टँकरमालक करत होते तेच आपण करत होतो.

मग सप्टेंबर २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणकाम थांबवलं आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. हे जागतिक मंदीचं फळ नव्हतं, बेकायदा उपशाचं होतं, हे स्वच्छ सांगायला हवं. पण वाहतुकीवर परिणाम मंदीचाच झाला. बंदराची हाताळणी दोन-तीन वर्षांत चौथ्या हिश्श्याच्या आसपास आली. एप्रिल २०१४ मध्ये न्यायालयाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, तेव्हा बार्जेस नदीतच होत्या, पण चालण्याजोग्या किती? नांगरून ठेवलेली बार्ज खाऱ्या पाण्यात गंजते. विमा, परवाने, इंजिनाची निगा, दोन-चार खलाशांचा पगार सुटत नाही. अनेकांनी त्या भंगारात किंवा परराज्यांत विकल्या होत्या. ट्रकचंही तेच. फेब्रुवारी २०१८ मध्ये खाणींच्या ८८ लीज रद्द झाल्यावर उरलेल्यांनीही आशा सोडली. बार्ज विकायला एक सही लागते. ती पुन्हा उभी करायला गोदी, वेल्डर, बँक आणि नदी ओळखणारा तांडेल लागतो.

कंटेनर कुणी बनवलेच नाहीत

सुट्या मालाचं हे झालं. पेट्यांच्या जगात २००९ साली जे घडलं ते पॅलेटची गोष्ट समजायला जास्त उपयोगी आहे.

त्या वर्षी जागतिक व्यापार आकारमानाने सुमारे १२ टक्क्यांनी घटला. वर्षअखेरीस जगातल्या कंटेनर जहाजांच्या क्षमतेपैकी दहावा हिस्सा रिकामा उभा होता, आणि सिंगापूरजवळच्या समुद्रात जहाजांचं मोठं गाव वसलं होतं. चालू असलेली जहाजं इंधन वाचवायला मुद्दाम सावकाश धावू लागली. मर्स्कसारख्या कंपनीलाही त्या वर्षी तोटा झाला. जगातल्या बहुतेक कंटेनरची पैदास चीनमध्ये होते, आणि तिथल्या कारखान्यांनी साधे कोरडे कंटेनर बनवणं वर्षाचा बराच काळ जवळपास थांबवलं.

२०१० मध्ये व्यापार झपाट्याने उसळला. आणि पेट्या पुरेनात. जहाजं सावकाश धावत असल्यामुळे प्रत्येक पेटी आधीपेक्षा जास्त दिवस समुद्रात, नव्या बनलेल्या नाहीत, जुन्या मोडीत गेलेल्या. बंद पडलेल्या कारखान्यांतले वेल्डर दुसऱ्या कामाला लागलेले.

पॅलेटच्या बाबतीत असंच अमेरिकेत झालं, आणि तिथलं कारण ऐकून मेस्तबाबांनाही नवल वाटलं. पॅलेटसाठी कुणी झाड तोडत नाही. ओंडक्याचा चांगला भाग फर्निचरला, फरशीला, घरबांधणीला जातो. गाठींचा, हलक्या प्रतीचा भाग पॅलेटला. म्हणजे पॅलेटचं लाकूड घरांच्या मागणीवर अवलंबून आहे. अमेरिकेत २००५ मध्ये २० लाखांहून अधिक घरांची कामं सुरू झाली होती, २००९ मध्ये साडेपाच लाखांच्या आसपास. सॉ मिल धडाधड बंद पडल्या. शिवाय तिथे जुनी पॅलेटं दुरुस्त करून विकण्याचा फार मोठा धंदा आहे, आणि त्याला कच्चा माल लागतो तो परत आलेल्या मोडक्या पॅलेटचा. माल कमी गेला, तर मोडकी पॅलेटंही कमी आली. नवं लाकूड नाही, जुनं पॅलेट नाही. मागणी जराशी वर सरकल्याबरोबर भाव चढला.

औषधवाल्यांना याच काळातली दुसरी एक गोष्ट लक्षात आहे. जानेवारी २०१० मध्ये अमेरिकेत टायलेनॉलसह काही औषधं कुबट वासाच्या तक्रारींमुळे मोठ्या प्रमाणावर परत मागवली गेली. कारण सांगितलं गेलं ते लाकडी पॅलेटवरच्या रसायनापासून तयार झालेल्या संयुगाचं. तेव्हापासून आमचे परदेशी खरेदीदार लाकूड कुठलं, प्रक्रिया कोणती, ओलावा किती हे खोदून विचारतात. टंचाईत मिळेल ते पॅलेट घेण्याची मोकळीक आम्हाला नाही ती यामुळे.

कुंडईच्या शेडमध्ये

आता २०२० ची ती रिकामी शेड समजते. २५ मार्चला देशभर टाळेबंदी लागली. राज्याच्या सीमा बंद, केरळहून रबरवुड आणणाऱ्या गाड्या बंद. फळ्या कापणारी आणि खिळे ठोकणारी माणसं उत्तरेकडची आणि कर्नाटकातली, ती मिळेल त्या वाटेने गावी गेली. जहाज कंपन्यांनी फेऱ्या रद्द केल्या. देशाची आयात घटली, आणि इथेच मेख होती: आपल्याला निर्यातीसाठी लागणारा रिकामा कंटेनर हा मुळात कुणाच्या तरी आयातीचा भरलेला कंटेनर असतो. आयात नाही तर रिकामी पेटी नाही. गोव्यातला बराच निर्यातमाल रस्त्याने न्हावा शेवाला जातो, आणि तिथे पेटीसाठी थांबणं आमच्या नशिबी आलं.

मग जगाने घरात बसून वस्तू मागवायला सुरुवात केली. जागतिक मालव्यापार २०२० मध्ये सुमारे ५ टक्केच घटला, पण उसळी इतकी वेगाने आली की पेट्या अमेरिकेच्या बंदरांत साचल्या. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे अजस्र कंटेनर जहाज सहा दिवस सुएझमध्ये आडवं पडलं. ४० फुटी पेटीच्या भाड्याचा, ड्रूरी या जहाजधंद्याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचा जागतिक निर्देशांक सप्टेंबर २०२१ मध्ये १०,३७७ डॉलरवर पोचला. अमेरिकेत मे २०२१ मध्ये हजार बोर्ड फूट लाकडाचा वायदेभाव १,६०० डॉलरच्या वर गेला, साथीआधीच्या जवळपास चौपट. कांडल्याला उतरणारं परदेशी पाइन त्याच जहाजांच्या भाड्याने महागलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि युरोपचं रशिया-बेलारूसकडून येणारं पॅलेटचं लाकूड आटलं, खिळ्यांची तारसुद्धा.

भाडं असं चढलं की पॅलेटवर उलटा परिणामही होतो, तो डिस्पॅचवाल्यालाच दिसतो. पॅलेट कंटेनरात जागा खातं. भाडं दहापट झालं की टाइल्सवाला, कपडेवाला पॅलेट काढून सुटे खोके थेट जमिनीवर रचतो. मजुरी वाढते, पण पेटीत माल जास्त मावतो. औषधांना ते जमत नाही. खरेदीदाराच्या गोदामात माल पॅलेटवरूनच उतरला पाहिजे. म्हणजे इतरांची मागणी घटूनही आमची तशीच, आणि पुरवठादार मात्र दोन गिऱ्हाइकं गेल्यामुळे अडचणीत. आमच्याच भागातल्या दोन छोट्या कारखान्यांनी त्या दीड वर्षात भट्टी विझवली. आधी आम्हीच त्यांच्याशी दरासाठी रुपया-रुपयावर घासाघीस केली होती. आज मला ते चुकीचं वाटतं, आणि वरिष्ठांना मी तसं सांगितलंही.

२०२३ मध्ये चक्र फिरलं. भाडं साथीआधीच्या पातळीजवळ आलं, २०२१ च्या तेजीत मागवलेली जहाजं त्याच सुमारास उतरू लागली, तोच जुना दोन वर्षांचा उशीर. परदेशी गोदामं भरलेली, ऑर्डरी सुस्त. मेस्तबाबांची शेड तुडुंब भरली. त्या वर्षी त्यांनी दोन जुन्या सुतारांना काढलं नाही. नवं काम नव्हतं, तेव्हा मोडकी पॅलेटं उकलून चांगल्या फळ्या वेगळ्या करायला लावलं, वाकडे खिळे काढायला लावलं, आणि फळ्या सावलीत वाळत घातल्या. डिसेंबरात लाल समुद्रात जहाजांवर हल्ले वाढले, पुन्हा आफ्रिकेचा वळसा सुरू झाला, पेट्या पुन्हा उशिरा परतू लागल्या. तेव्हा त्या वाळलेल्या फळ्या कामी आल्या.

परवा एका तातडीच्या शंभर पॅलेटसाठी गेलो होतो. फळ्यावर नजर टाकली. सलग तिसऱ्या दिवशी 'गेले'चा आकडा 'आले'पेक्षा मोठा होता. मेस्तबाब फोनवर होते, केरळच्या व्यापाऱ्याशी रबरवुडच्या गाडीचं बोलत होते. मला त्यांनी हातानेच बसायची खूण केली आणि पलीकडच्याला म्हणाले, "एक नको, दोन पाठवा."